जीव नसलेली अंडी

विज्ञानाला जात नसते, धर्म नसतो आणि सीमा तर नसतातच, असं आमच्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आलेले मंत्री म्हणाले. टाळ्या झाल्या. मागच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नव्या जिल्ह्याचं रंगवलं होतं आणि रंग ओला होता. एक कार्यकर्ता पाटीला टेकला आणि दिवसभर पाठीवर उलटा लातूर जिल्हा घेऊन हिंडला.

जिल्हा नवा होता, म्हणजे खुर्च्या आल्या होत्या आणि त्या ठेवायला जागा नव्हती. जी ती कचेरी भाड्याच्या खोल्या शोधत फिरत होती. कुणी धान्याच्या गोदामात, कुणी जुन्या जिनिंगच्या शेडात, कुणी लॉजच्या मागच्या बाजूला. आमच्या वाट्याला गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या एका आडत दुकानाचा वरचा मजला आला. खाली तुरीची पोती आणि मागे दुकानमालकांचं घर, वर आम्ही. जनावरं कशानं मरतात ते शोधून काढायचं, हे आमचं काम. मी नुकताच पशुवैद्यकाची पदवी घेऊन देगलूरहून आलो होतो आणि माझी अजून अशी समजूत होती की ते शोधून काढलेलं सगळ्यांना हवं असतं.

ही जागा मिळाली ती तिथल्या बोअरमुळे. पाऊस रुसल्याला दुसरं वर्ष होतं. नळाला पाणी कधी येईल हे सांगायला ज्योतिषी लागत होता आणि प्रयोगशाळेला काचेची भांडी धुवायला रोज पाणी लागतं. मालकांच्या अंगणातल्या बोअरला मात्र पाणी होतं. मालक लिंगायत व्यापारी, मूळचे उदगीरकडचे. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं हळू. सकाळी पूजा आटोपली की ते अंगणाचं दार उघडायचे आणि सगळ्या गल्लीच्या घागरी आत यायच्या. कुणाची जात त्यांनी विचारलेली मी ऐकली नाही. माणूस चांगला होता. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून वेगळं वाटेल.

आमच्या साहेबांबद्दल असं आधी सांगण्यासारखं काही नाही. त्यांना 'नवा जिल्हा, नवी पहाट' अशी सुरुवात असलेली भाषणं करायला आवडायची, आणि ती ऐकायला कुणी नसलं तर मी असायचो.

आता थोडं शास्त्र. ते टाळून ही गोष्ट सांगता येत नाही.

कोंबड्यांचा एक रोग आहे. आमच्या कागदावर तो राणीखेत असायचा, खेड्यात त्याला मानमोडी म्हणतात. खेड्यातलं नाव जास्त बरोबर आहे, कारण कोंबडीची मान खरंच पिळल्यासारखी वळते. हा रोग विषाणूचा. विषाणू हा प्रकार मोठा विचित्र आहे. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. बाटलीत ठेवला तर बाटलीतल्या धुळीइतकाच कर्तबगार. पण जिवंत पेशीत शिरला की तिचा कारभार हाती घेतो. पेशीची प्रथिनं बनवायची जी व्यवस्था असते, ती त्याची प्रथिनं बनवायला लागते. चरबी त्याची वेष्टनं शिवायला जाते. एवढं काम उपसायचं म्हणून पेशी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त साखर ओढते, आणि ती नीट पुरवून न जाळता भसाभस जाळते, त्यामुळे आत आम्ल साचतं. बाहेरून पाहिलं तर पेशी जोमात आहे असंच वाटेल. स्वतःची डागडुजी मात्र तिनं थांबवलेली असते. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या ज्या बारक्या भट्ट्या असतात त्यांची आवरणं गळायला लागतात, शिल्लक ऊर्जा संपते आणि पेशी मरते. कधी ती आधीच ओळखते आणि स्वतःला संपवते, म्हणजे विषाणूचा माल तयार व्हायच्या आत दुकान बंद. काही विषाणूंना हेही ठाऊक असतं. ते आपला माल भरून होईपर्यंत तिला मरूही देत नाहीत.

मला हे सगळं वाचायला तेव्हा फार आवडायचं. साहेबांना यावरून नोकरशाहीवर एक उपमा सुचली होती. ती मी इथे देत नाही.

तर रोग ओळखायचा कसा? मेलेल्या कोंबडीचा अंश उबवणीतल्या अंड्यात सोडायचा. अंड्यात गर्भ वाढत असतो, त्याच्या पेशी जिवंत असतात, विषाणू असला तर तो त्यांत वाढतो. गर्भ मरतो, त्याच्या अंगावर रक्ताचे डाग दिसतात. मग त्या अंड्यातला द्रव घेऊन कोंबडीच्या रक्ताच्या थेंबात मिसळायचा. विषाणू असेल तर रक्ताचे कण एकमेकांना चिकटून त्याची कणी होते, दही फुटल्यासारखी. साधं, स्वस्त आणि शहाणं काम.

आम्ही ते महिनाभर नीट केलं. मग एका सकाळी, तपासणीत न वापरलेलं एक अंडं उबवणीच्या पेटीतच राहून गेलं होतं ते फुटलं आणि पिल्लू ओरडायला लागलं. खाली मालकांची पूजा चालू होती.

मालक पूजा पूर्ण करूनच वर आले. चप्पल बाहेर काढली. पेटीकडे पाहत उभे राहिले.

"साहेब, ही अंडी हायत?"

"प्रयोगाची आहेत," साहेब म्हणाले. "खायची नाहीत. कुणी खात नाही. आमच्यातही कुणी खात नाही." हे खोटं होतं.

"खाल्ली असती तर मी समजू शकलो असतो," मालक म्हणाले. "माणसाला भूक असते. हे तुम्ही वाढवून मारता का?"

साहेबांनी विज्ञान, नवा जिल्हा आणि शेतकऱ्यांचं हित असे तिन्ही विषय काढले. मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रागवू नका. जागा भाड्यानं दिली, ह्या गोष्टीला नाही दिली. जागा खाली करा असं मी म्हणत नाही. पोल्ट्रीची अंडी मिळतात ना आता, कोंबडा नसलेल्या कोंबड्यांची? त्यांच्यात जीव नसतो म्हणे. ती आणा. त्याला माझी ना नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. भांडण न होता काही मिटलं की तो नेहमीच उजळायचा. त्याच दिवशी भाडेकरारात एक ओळ वाढली की इमारतीत फक्त जीव नसलेली अंडी आणली जातील. साहेबांनी ती स्वतः लिहिली, सुवाच्य अक्षरात.

मालक खाली गेल्यावर मी म्हणालो, "साहेब, जीवच नसेल तर विषाणू वाढणार कशात?"

"मला शिकवता का?"

"नाही, पण निष्फळ अंड्यात तो वाढणारच नाही. दर वेळी 'आढळला नाही' असंच येणार."

"मग तसं लिहायचं. आढळला नाही तर नाही आढळला, हे खोटं आहे का?" त्यांनी खिडकीतून खालच्या घागरींच्या रांगेकडे बोट दाखवलं. "तुम्ही देगलूरकडची माणसं फार प्रश्न विचारता. ते बोअर बंद झालं तर भांडी कशानं धुणार, तेवढं सांगा. त्याचं उत्तर असेल तर उद्यापासून शहामृगाची अंडी आणू."

लोकांना वाटतं की असल्या गोष्टी अडाण्यांकडून होतात. साहेब अडाणी नव्हते. त्यांच्या विषयात त्यांना पदक होतं.

मी मालकांकडेही गेलो. देगलूरमुळे मला कन्नड थोडं येतं, आणि घरी ते कन्नडच बोलायचे. "बर्री, कूड्री," म्हणून त्यांनी गादीवर जागा करून दिली. मी पेशीपासून सुरुवात केली. विषाणूला जिवंत घर लागतं, ते आपण त्याला अंड्यात देतो, तिथे तो पकडता येतो आणि मग गावातल्या कोंबड्या वाचवता येतात. त्यांनी मधे एकदाही बोलणं तोडलं नाही.

"म्हणजे तुम्हाला जीव पाहिजे," ते म्हणाले. "मारायला."

"हो. एरवी बाहेर शेकड्यांनी मरतात."

"बाहेर कोण मारतं?"

"रोग."

"मग ते रोगाचं पाप. वर मरतं ते माझ्या छपराखाली. पूजेला बसल्यावर मला ऐकू येतं, डॉक्टरसाहेब." त्यांनी चहा मागवला. "पाणी पुरतं ना तुम्हाला? कमी पडत असलं तर संध्याकाळी पण भरा."

मी चहा पिऊन वर आलो. त्या दिवसापासून संध्याकाळचं पाणीही आम्ही भरायला लागलो.

त्यानंतर आमची प्रयोगशाळा फार सुरळीत चालली. पोल्ट्रीची पांढरीशुभ्र, एका मापाची अंडी यायची. मी त्यांत मेलेल्या कोंबड्यांचे नमुने सोडायचो, पेटी उबदार ठेवायचो, नेमानं तपासायचो. अंडी हळूहळू नासायची, एवढंच. प्रत्येक नमुन्याखाली 'विषाणू आढळला नाही' असं लिहायचो. साहेबांनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावला आणि रोग नसलेल्या गावांना हिरव्या टाचण्या टोचल्या. दुष्काळात आमच्या जिल्ह्यात हिरवं असं तेवढंच होतं. पाहणीला आलेल्या वरिष्ठांनी नकाशासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

अशा दिवसांत ती बाई आली.

नांदेड रस्त्याच्या आत एका वस्तीवर राहायची. नवरा बैल घेऊन जनावरांच्या छावणीत गेला होता, कारण वस्तीवर ना कडबा होता ना पाणी. शेत नवऱ्याचं, बैल सासऱ्याचे, आणि कोंबड्या तिच्या. माहेरहून आणलेल्या दोन कोंबड्यांपासून तिनं त्या वाढवल्या होत्या. दुष्काळात त्या अंगणात हलणारं असं दुसरं काही उरलं नव्हतं. आता त्या मरायला लागल्या होत्या. तिनं पाटीत फडक्याखाली झाकून एक मेलेली कोंबडी आणली होती. मान पिळलेली.

"मानमोडी हाय," ती म्हणाली. "मला ठावं हाय. पण तालुक्याचे डाक्टर म्हणले, तुमचा कागद पाहिजे. कागद आल्याबिगर लस येत न्हाई."

तालुक्याचा डॉक्टर खोटं सांगत नव्हता. लस नांदेडहून बर्फाच्या डब्यात एस.टी.नं यायची, ठरलेल्या मोसमात. मधेच मागवायची तर रोग आहे असा प्रयोगशाळेचा दाखला लागायचा. तिच्याजवळ अजून निम्म्या कोंबड्या धडधाकट होत्या. लस वेळेत आली तर त्या वाचल्या असत्या.

मी नमुना घेतला, पांढऱ्या अंड्यांत सोडला आणि पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा निकाल तयार होता.

"काय निगालं?"

"काही निघालं नाही."

"मंग मेली कशानं? रुसून?"

मी निकालाचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"सायेब, आजूक चार गेल्या. त्या समद्या रुसल्या का?"

साहेब आतल्या खोलीत होते. मी तिला जिन्यात घेऊन गेलो आणि सांगितलं की इथल्या अंड्यांत जीव नसतो, म्हणून रोग सापडत नाही. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

"जीव न्हाई त्या अंड्याला रोग कसा हुईल? मढ्याला ताप येतो का?"

"नाही येत."

"मंग ह्ये तुमास्नी म्हाईत न्हाई?"

"सगळ्यांना माहीत आहे."

तिनं पदर तोंडाला लावला आणि हसली. तसं हसणं मी नंतर सरकारी नोकरीत बऱ्याचदा ऐकलं. "जीव असल्यालं मी आणते," ती म्हणाली. "माजी एक खुडूक बसली हाय."

मी नको म्हणालो नाही. ती अंडी ज्या कोंबडीखाली होती ती अजून निरोगी होती, आणि वाचलेल्या कळपात तीच पुढची पिल्लं काढणार होती. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ती दुसऱ्या दिवशी दुपारी भुशात खुपसलेली अंडी घेऊन आली, प्रयोगशाळेत नाही, माझ्या भाड्याच्या खोलीवर. खोली बागवान गल्लीत होती. माझ्या घरमालकिणीला अंड्यांचं वावडं नव्हतं, उलट मी इतकी अंडी एकटा खातो म्हणून तिला माझी काळजी वाटायला लागली.

मी खोक्यात बल्ब लावून पेटी केली. एक अंडं बल्बसमोर धरून बाईला दाखवलं. आतून लाल शिरांचं जाळं आणि मधे एक ठिपका, हलणारा.

"ह्ये ठोका हाय का?"

"हो."

"आन ह्याच्यात तुमी त्ये सोडनार."

"हो."

"सोडा," ती म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन बसली.

गर्भ मेले. अंड्यांत सोडायचं ते सोडल्यावर थोड्याच दिवसांत एकेका अंड्यातला ठिपका हलायचा थांबला. फोडून पाहिलं तर अंगभर रक्ताचे बारके डाग. पुस्तकात असतात तसेच, किंबहुना पुस्तकापेक्षा स्पष्ट. ती निकालाला आली तेव्हा मी बशीत रक्ताचा थेंब घेतला, त्यात अंड्यातला द्रव टाकला, बशी हलवली. थेंब फुटला, लाल कणी झाली. ती वाकून बघत होती.

"घावला?"

"घावला."

"आता येती का लस?"

"आता येईल," मी म्हणालो. माझा तसा विश्वास होता.

साहेबांनी माझा अहवाल उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

"काम चांगलं केलंय," ते म्हणाले. "अंडी कुठली?"

"तिच्याच घरची."

"आणि तपासणी कुठे केली?"

"माझ्या खोलीवर."

"म्हणजे हा विषाणू तुमच्या खोलीत सापडला." त्यांनी चष्मा काढला. "तो जिल्ह्यात आहे असं कसं म्हणता येईल? प्रयोगशाळेत त्याच बाईचा नमुना नकारार्थी आलाय. त्याच्यावर तुमचीच सही आहे. मी दोन्ही कागद वर पाठवले तर वरचे विचारतील, खरं कोणतं. मग करारातली ती ओळ निघेल, मग मालक, मग पाणी, मग हा नकाशा."

"साहेब, तिच्या थोड्या कोंबड्या अजून आहेत. त्या वाचतील."

"आपण कोंबड्या वाचवत नाही. आपण निदान करतो."

मी वर परस्पर लिहिलं. उत्तर आलं, ते साहेबांच्या मार्फत लिहा असं. साहेबांमार्फत लिहिलं, ते साहेबांच्या टेबलावर राहिलं. नांदेडला स्वतः जाऊन आलो. तिथला भांडारवाला भला माणूस, त्यानं बर्फाची पेटी उघडून लस दाखवली देखील. कागद असता तर त्याच दिवशी दिली असती. येताना कंधार फाट्याला बस बंद पडली आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून विचार करत होतो की आता तिला काय सांगायचं.

तिला जाऊन सांगितलं. वस्तीवर गेलो तेव्हा तिनं कोंबड्या झाकायची डालगी उलटी करून भिंतीशी रचली होती. खुडूक कोंबडी राहिली होती. तिचीही मान वळली होती, आणि ती अंडी नसलेल्या जागेवर बसून होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो की त्या अंड्यांतून पिल्लं निघाली असती तरी ती या रोगात टिकली नसतीच. शास्त्राच्या दृष्टीनं ते खरं होतं.

"मेली असती तर मेली असती," ती म्हणाली. "पर आदी निगाली असती."

मग तिनं मला पाणी दिलं. टँकरचं होतं, गढूळ, वर तुरटी फिरवलेली. मला ते नको म्हणता आलं नाही आणि पिताना तिच्याकडे बघताही आलं नाही.

"त्ये जंतू आता कुटं जातं?" तिनं विचारलं. "समद्या मेल्यावर?"

"त्याला जिवंत पेशी नाही मिळाली की तो संपतो."

"म्हंजे त्येचं बी वाटुळं."

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. त्या सगळ्या प्रकरणात समाधानाचा सूर लागलेलं हे एकच वाक्य.

त्या वर्षाअखेर आमचा जिल्हा मानमोडीमुक्त म्हणून गौरवला गेला. समारंभात साहेबांनी भाषण केलं. विषाणूशी लढा म्हणजे जीवनाचा मृत्यूशी लढा, प्रत्येक पेशी ही एक रणभूमी, आणि या रणभूमीवर आपला नवा जिल्हा विजयी झाला आहे. मालक पहिल्या रांगेत होते. त्यांनाही शाल दिली, पाण्याबद्दल. ती त्यांनी संकोचानं घेतली. मंत्री पुन्हा तेच होते आणि या वेळी ते जीवनाच्या चिवटपणावर बोलले. सृष्टीत काहीही हरत नाही, ते फक्त रूप बदलतं, असं काहीसं. लोक भारावले होते. मी मागे उभा होतो आणि मला कबूल केलं पाहिजे की त्यांचा आवाज चांगला होता.

ठरलेल्या मोसमात, हिवाळ्यात, लस नांदेडहून आली. बर्फ वितळलेला नव्हता, मुदत संपलेली नव्हती, कुठेच काही चुकलेलं नव्हतं. मी ती घेऊन त्या वस्तीवर स्वतः गेलो. बाई घरीच होती. कोंबड्या तिनं पुन्हा धरल्या नव्हत्या. अंगणात एक शेळी बांधलेली होती.

"एवढं लांबून आनलंय," ती म्हणाली. "हिला टोचा."

ती लस शेळीला चालत नाही.